बाराच्या पुढे दोन घरं

माझ्या कपाटात सात जुनी क्रोनोग्राफ आहेत. मनगटी घड्याळ, चावीचं, आणि त्यातच स्टॉपवॉच. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा धावतो, परत दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की झटक्यात बारावर येतो. सुरतचा जुना बाजार, कुणाच्या आजोबांची ट्रंक, असं कुठून कुठून ती गोळा केली. सहा दुरुस्त करून घेतली. सातवं नाही. का, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी शहाद्याकडचा खेळाचा शिक्षक. अठरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या निवड चाचणीत वेळ घ्यायचं काम माझ्याकडे होतं. शाळेचं स्टॉपवॉच खिशात होतं, चांगलं चालू. पण हे सातवं नुकतंच हाती लागलेलं, म्हणून तेच घालून गेलो. प्रकाशा गावच्या एका सरांनी टोमणा मारला, "का सर, टाइम लेवाले उनात का घड्याळ दखाडाले?" वेळ घ्यायला आलो की घड्याळ मिरवायला, यावर सगळे हसले. मीही हसलो, आणि घड्याळ काढून हातोहात फिरवलं.

मुलींची आठशे मीटर दोन तुकड्यांत झाली. अंतिम शर्यत घ्यायला वेळ नव्हता, म्हणून जिची वेळ कमी तीच जिल्ह्याला जाणार, असं ठरलं. पहिल्या तुकडीत आमच्या शाळेची मुलगी पहिली आली. दुसरीत डोंगरातल्या आश्रमशाळेची एक पावरा आदिवासी मुलगी, अनवाणी, इतरांना खूप मागे टाकून. मी तिची वेळ लिहिली. एका सेकंदाने ती हुकली.

मग खालचं बटण दाबलं, तर काटा बाराच्या पुढे दोन घरं, म्हणजे दोन सेकंद, थांबला. पुन्हा दाबलं. बारावर आला.

तिची शर्यत सुरू झाली तेव्हा तो कुठे होता? तिथूनच निघाला असेल, तर तिची वेळ दोन सेकंद जास्त लिहिली गेली. मी पाहिलंच नव्हतं, दोन तुकड्यांच्या मधेही ते हातोहात फिरत होतं आणि माझं लक्ष ते परत मागण्यात होतं. तोंड उघडायला हवं होतं, नाही उघडलं. मघाशी फिरवलेल्या घड्याळाची लाज, की आमची मुलगी जिल्ह्याला जाईल हा लोभ? अजून सांगता येत नाही. कदाचित काटा बरोबरही असेल. कदाचित नसेलही.

नंदुरबारच्या घड्याळजीला नंतर दाखवलं. तो म्हणाला, "सर, हाऊ काटा सैल शे. कधी बारावर येस, कधी दोन घर पुढे थांबस." पाच मिनिटांत घट्ट करतो म्हणाला. मी घड्याळ खिशात घालून निघून आलो.

गेल्या आठवड्यात खापर गावी साडूकडे गेलो होतो. तिथे चक्कर आली, सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सने माझं मनगट धरलं आणि स्वतःच्या घड्याळात बघत ठोके मोजू लागली. मग मान वर करून म्हणाली, "सर, तुम्ही शहाद्याचे ना? टाइम घेणारे?"

मी ओळखलं, तीच अनवाणी पळालेली मुलगी. तिला तू म्हणावं की तुम्ही, कळेना. "सिस्टर" म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. लाज, लोभ, सैल काटा, सगळं. अठरा वर्षं न बोललेला माणूस तिथेच का बोलला, कोण जाणे. तिने मनगट सोडलं नव्हतं.

"तेव्हा सांगितलं असतं तर काय केलं असतं?" तिने विचारलं.

"दोघींना परत पळवलं असतं."

"मी पळाले असते सर. थकले नव्हते मी."

मग मोजायचं राहिलं म्हणाली आणि पहिल्यापासून ठोके मोजले. बीपी वाढलेलं निघालं. गोळ्या दिल्या, आठ दिवसांनी दाखवायला या म्हणाली. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाली, "ते घड्याळ आणा. बघू दे मला."

उद्या जायचं आहे. सकाळपासून बटणं दाबतो आहे. कधी बारावर, कधी पुढे. घट्ट करून नेलं तर तिला वाटेल, सरांनी गोष्ट रचली. तसंच नेलं आणि नेमकं तिच्या हातात तो बारावर आला, तर? आणि नाही आला, तर त्या दोन घरांचं तिने आता काय करायचं?

घड्याळ आहे तसंच रुमालात बांधलं आहे. शाळेचं स्टॉपवॉचही बरोबर घेतो आहे. ते कशाला, मलाच ठाऊक नाही.