मुलुंडपर्यंत जाऊन येतो

शशीदादा परब रोज संध्याकाळी बायकोला मोटरसायकलवर मागे बसवून कुठेही जात नसत. वाक्य विचित्र वाटेल, पण अगदी खरं आहे. विक्रोळी पार्कसाइटच्या आमच्या चाळीतून दोघं निघायची, उतारावरून हायवेला लागायची, कांजूर, भांडुप करत मुलुंडच्या टोलनाक्यापर्यंत जायची आणि तिथून वळून परत यायची. वाटेत चहा नाही, भाजी नाही, देऊळ नाही. कुणी विचारलं, "काय दादा, कुठे?" की हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणायचे, "मुलुंडपर्यंत जाऊन येतो." मुलुंडला त्यांचं कोणीही नव्हतं.

दादांची म्हातारी दारात बसून तोंड सोडायची. "पेट्रोल काय फुकट गावता रे झिला? बायलेक घेऊन खंय फिरतंस रोज?" दादा किक मारायचे, लतावहिनी पदर खोचून मागे बसायची, आणि गाडी निघायची. आमची खोली त्यांच्या शेजारची, मध्ये एक पत्र्याची भिंत. त्यामुळे म्हातारीची उरलेली बडबड रोज मला ऐकावी लागायची.

माणूस तसा साधा. विक्रोळीच्या एका कारखान्यात मशीनवर उभा राहणारा, हडकुळा, कमी बोलणारा. गाडीही साधीच, शंभर सीसीची, काळी. तिच्या इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पन्नासच्या वर काटा जायचा नाही. चाळीतली पोरं त्यांना चिडवायची, "दादा, मागून सायकलवाला हॉर्न देतोय!" ते म्हणायचे, "जाऊ दे त्याला. त्याला पोचायचं असेल." मला वाटायचं, असतो एकेकाला शौक. पुरुषांना गाडीचं वेड असतंच. माझ्या नवऱ्यालाही होतं, पाठीचा मणका सरकला तेव्हा कुठे उतरलं.

एकदा मी बसने ठाण्याला जात होते. भांडुपच्या सिग्नलला खिडकीतून बघते, तर शेजारी ही दोघं. लतावहिनी, जी घरात सासूसमोर 'हो' आणि 'आणते' यापलीकडे बोलायची नाही, ती हनुवटी दादांच्या खांद्याला लावून त्यांना झापत होती. हातवारे काय, मान हलवणं काय! आणि दादा हसत होते. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. सिग्नल सुटला, गाडी पुढे गेली, वहिनीचं बोलणं चालूच.

दुसऱ्या दिवशी नळावर मी तिला पकडलीच. "काय गं, कालच्या भांडणात जिंकलं कोण?"

ती आधी लाजली. मग बादली खाली ठेवून म्हणाली, "शैला, त्या खोलीत मी नवऱ्याशी काय बोलू सांग? सासरे खाटेवर, सासू दारात, दीर मोरीच्या बाजूला, पोरगा अभ्यासाला. मीठ वाढू का, एवढंच विचारता येतं. गाडीवर बरं असतं. कोणी ऐकत नाही, तोंड बघावं लागत नाही, मनात येईल ते बोलता येतं."

आमच्या खोलीतही सहा माणसं होती, आणि आमच्याकडे गाडी नव्हती.

मग हे दादांनाही विचारलं. मला भीडभाड कधीच नव्हती. ते म्हणाले, "एवढ्या मुंबईत आमच्या दोघांच्या नावावर दीड हात सीट आहे गं. ती सोडू कशी?" त्या घरातले सगळे मोठे निर्णय भांडुप ते मुलुंड या पट्ट्यात झाले. धाकट्या दिराचं लग्न कुठे करायचं, मुलाला, प्रसादला, कुठल्या कॉलेजात घालायचं, म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. जाताना वाद, वळल्यावर समेट. परत आली की दोघांची तोंडं पुन्हा बंद.

मग चाळ पडली, टॉवर झाला. तोवर म्हातारा-म्हातारी गेली होती, दीर बदलापूरला गेला होता. सातव्या मजल्यावर आम्ही पुन्हा शेजारी. आता स्वतंत्र बेडरूम, दाराला कडी. मला वाटलं, आता सुटली बिचारी गाडी. कसली सुटतेय! नव्या सोफ्यावर दोघं टीव्हीकडे तोंड करून बसायची, वेटिंग रूममध्ये बसल्यासारखी. वहिनी म्हणायची, "समोरासमोर बसलं की सुचतच नाही गं काही. लाज वाटते या वयात." संध्याकाळ झाली की दोघंही घड्याळ बघायला लागायची.

प्रसाद नोकरीला लागला, लग्न झालं, त्याने कार घेतली. पोरगं चांगलं, आईवर जीव टाकणारं. तो वैतागायचा. "बाबा, साठी उलटली तुमची. आई पडली बिडली तर? कारने जा ना, मस्त एसी लावून." दादा म्हणाले, "कारमध्ये ती बाजूला बसते रे." प्रसादने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. त्याला कळलं नाही आणि दादांना याहून जास्त सांगता येत नव्हतं.

मग वहिनीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाल्या. केस गेले, वजन गेलं, अन्न टिकेना. प्रसादने आईचं जे केलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. रजा काढून तिच्या खाटेजवळ जमिनीवर झोपायचा, ओकारीचं भांडं स्वतः धरायचा. "आई, अजून थोडं. बरी होणार तू." आणि दादा? दादा उशाशी खुर्ची घेऊन बसायचे, तिच्या पायाकडे बघत. एक शब्द नाही. नातेवाईक बाहेर जाऊन कुजबुजायचे, काय दगड माणूस आहे. दिवसातून एकदा खाली जाऊन गाडी चालू करायचे आणि बंद करून वर यायचे. आजारी बायको घरात आणि याला गाडी सुचतेय, असं प्रसादच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असायचं.

आजार परत उलटला. डॉक्टर म्हणाले, आणखी केमो देऊन बघता येईल, खात्री नाही. प्रसाद म्हणाला, द्यायची. वहिनीला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्या पोराच्या तोंडाकडे बघून ती 'हो'च म्हणाली असती.

त्यानंतरची एक दुपार. प्रसाद आणि सून कामावर, वहिनीजवळ मी. अचानक ती म्हणाली, "शैला, यांना सांग, मला गाडीवर बसायचंय."

"वेड लागलंय का तुला? उठून बसता येतं का धड?"

"बसव मला. कुठे जायचं नाही."

वॉचमनने खुर्ची आणली. मी आणि दादांनी तिला लिफ्टने खाली नेलं. पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडवर लावलेली. दादा पुढे बसले. मी आणि वॉचमनने तिला उचलून मागे ठेवली. हो, ठेवलीच, तेवढीच उरली होती. माझ्या ओढणीने तिला दादांच्या पाठीला बांधली. तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि म्हणाली, "चालू करा." दादांनी किक मारली. मग तिने मला हाताने खूण केली, तू जरा बाजूला हो.

मी गेटपाशी जाऊन उभी राहिले. वॉचमन विचारतो, "अंकल किधर जा रहे?" मी म्हटलं, "गप बस." उभ्या गाडीवर ती दोघं बसलेली, इंजिनाच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. फक्त दादांची मान दिसत होती. ती मान नाही म्हणत होती. पुन्हा नाही. पुन्हा नाही. मग बराच वेळ ती मान हललीच नाही. शेवटी एकदा हो म्हणाली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. घाम पुसतात तसं शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि गाडी बंद केली.

संध्याकाळी प्रसाद आला. दादा उभे राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून हॉस्पिटल बंद. केमो नाही. मी ठरवलंय."

मी आत वहिनीचा हात धरून बसले होते. बाहेर प्रसादचा आवाज चढत गेला. "तुम्ही कोण ठरवणार? सहा महिने एक शब्द बोलला नाहीत तिच्याशी! कंटाळा आला ना तुम्हाला? मरू दे एकदाची, असंच ना?" दादा एवढंच म्हणत राहिले, "मी ठरवलंय." वहिनीचे डोळे मिटलेले होते, पण माझा हात तिने असा आवळला होता की बांगडी रुतली. मला वाटलं आता ही बोलेल. ती बोलली नाही.

काही दिवसांनी ती घरीच गेली, सकाळी, फार त्रास न होता. तेराव्याला जेवणं उठल्यावर चार माणसांसमोर प्रसाद म्हणाला, "माझ्या आईला बाबांनी मारलं." दादा पत्रावळी गोळा करत होते, करत राहिले. त्यानंतर बापलेक एका घरात राहिले पण बोलले नाहीत. "बाबांना सांग, जेवण वाढलंय." "प्रसादला सांग, लाइट बिल आलंय." मधल्यामध्ये सून पिचली.

आणि दादा रोज संध्याकाळी गाडी घेऊन एकटे निघायचे. सवयीने टाकीला चिकटून बसायचे, मागची सीट पूर्ण मोकळी. एकदा मला मुलुंडला बहिणीकडे जायचं होतं. म्हटलं, "दादा, सोडा मला." कांजूर येईपर्यंत मीच बोलत होते. "आता पुरे करा हो ही गाडी. वय काय, ट्रॅफिक काय. काय मिळतं तुम्हाला एवढं?"

"बोलतो मी तिच्याशी," दादा म्हणाले. "हेल्मेट असतं, कोणाला कळतंय? घरात बोललो तर वेड्यात काढतील."

आणि मग माझ्याकडे पाठ करून त्या माणसाने सगळं सांगितलं. "त्या दुपारी ती बोलली, मला सोडवा आता. सहन होत नाही. मी नाही म्हटलं, शैला. नाहीच म्हणत होतो. मग म्हणाली, प्रसादला कळू द्यायचं नाही मी मागितलं म्हणून. त्याला वाटेल, आईला माझ्यासाठी अजून थोडं जगावंसं वाटलं नाही. तुम्ही तुमच्या अंगावर घ्या."

"आणि तुम्ही घेतलंत? पोरगं तुमचं तोंड बघत नाही! सांगून टाका त्याला."

"नको. माझ्यावर राग धरून तो जगेल. आईवर धरला तर कुठे ठेवेल?" मग म्हणाले, "तुझ्यापाशी राहू दे." मला रडू आवरेना. रागही आला, तिचा, त्यांचा, दोघांचा.

दोन वर्षं दादांनी हे असंच ओढलं. मग सोफ्यावर बसल्या बसल्या गेले, हार्ट अटॅकने. प्रसाद आतल्या खोलीत होता. बाप गेलाय हे त्याला चहा घेऊन गेलेल्या सुनेने सांगितलं. त्याने सगळं रीतसर केलं. रडला मात्र नाही.

महिन्याभराने तो गाडीची किल्ली हातात घेऊन माझ्या दारात आला. "शैलामावशी, रविवारी गिऱ्हाईक येतंय गाडीला. विकून टाकतो." मग तिथेच उभा राहिला. "मला सांग ना, काय होतं गं त्या माणसाला त्या गाडीत? आई मरत होती आणि हा खाली जाऊन किका मारायचा."

मी त्याच्याकडे बघितलं. पोरगं दोन वर्षांत दहा वर्षांनी थकलं होतं. दादा, तुमचं गणित चुकलं, मी मनात म्हटलं. तुमच्यावरच्या रागाने हा जगत नाहीये. पण त्याच्या डोळ्यांत बघून ते सांगायला माझी जीभ रेटेना.

"मला मुलुंडला सोड," मी म्हटलं.

"कार काढतो."

"कार नको. ही काढ."

कांजूर मागे पडलं आणि मी त्याच्या पाठीशी बोलायला सुरुवात केली. पार्किंगमधली ती दुपार, ओढणी, दादांची नाही नाही म्हणणारी मान, आणि वहिनीने काय मागितलं ते. काही गाळलं नाही. प्रसादने वेग कमी केला नाही की मागे पाहिलं नाही. मुलुंडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने एकच विचारलं.

"मी बाबांना ते सगळं बोललो, तेव्हा आई जागी होती?"

खोटं बोलावंसं मला फार वाटलं.

"जागी होती," मी म्हटलं.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, एक रिक्षावाला आईवरून शिवी देऊन बाजूने गेला, तरी प्रसादने गिअर टाकला नाही. त्याची पाठ माझ्या हाताखाली थरथरत होती. मी खाली उतरले नाही.