नारबोदसोबत गेलेले कोश

धानाच्या मुलखातल्या आमच्या गोरेगावात शेतातल्या पंपाची मोटार जळली की ती माझ्या दुकानात येते. उभा जन्म मी तांब्याची तार गुंडाळण्यात घालवला. दुकान पुढे, घर मागे, आणि घराच्याही मागे बायकोची बाग. बाग म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. पाहुण्याला तिथे भोकं पडलेली पानं दिसत, कुणी उपटलेली नाही अशी रुई दिसे, माजलेला एरंड दिसे, आणि ज्यांना लिंबं कमी आणि अळ्याच जास्त लागतात अशी लिंबाची झाडं दिसत. हे सगळं बायकोनं फुलपाखरांसाठी राखलंय असं कळलं की पाहुणा तिच्याकडे नाही, माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा.

मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली त्या वर्षी हे सुरू झालं. लिंबाच्या पानावर चिमणीची घाण पडलीय म्हणून बायको ती पुसायला गेली आणि घाण चालायला लागली. ती अळी होती. लहान असताना ही अळी तशीच दिसते, म्हणजे पाखरं तिला तोंड लावत नाहीत. बायकोनं ते पान तोडून आणलं आणि स्टीलच्या डब्यात ठेवलं. त्या दिवशीपासून आमच्या घरात पानं आधी अळ्यांना आणि मग माणसांना. गोडनिंबाची काडी फोडणीत टाकायच्या आधी उलटून पालटून तपासावी लागे. एकदा मी न बघता टाकली, तर त्या दिवशी मला जेवायला वाढलं कुणी नाही.

मी चिडायचो, पण पिंजरा मीच करून दिला. दोन जुन्या टेबलफॅनच्या जाळ्या समोरासमोर ठेवल्या, मधल्या घेराला मच्छरदाणीचं कापड शिवलं, झाला पिंजरा. त्यात अळ्या मोठ्या होत, काडीला कंबरेभोवती धागा बांधून कोश होत, आणि एखाद्या सकाळी ओले, चुरगळलेले पंख घेऊन बाहेर येत. मोबाईलवर फोटो टाकला की नावं कळतात, पण ती इंग्रजी नावं बायकोच्या पचनी पडली नाहीत. तिनं आपली नावं ठेवली. ठिपक्याठिपक्यांचं लिंबावरचं ते चितळ. एरंडावरचं विटकरी ते वीटकर. राज्याचं फुलपाखरू म्हणून ज्याला नीलवंत म्हणतात, काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं, हाताच्या पंजाएवढं, ते नुसतं निळा. निळा एकदाच आमच्या भिंतीवरून येऊन लिंबावर घिरटी घालून गेला होता. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच. निळा आपल्या घरात कोशातून निघताना पाहायचा.

याच दिवसांत मासेमारी करणाऱ्या धिवर समाजातल्या एका माणसानं मोटार दुरुस्तीला आणली आणि बोलता बोलता बायकोसाठी कोशाचं एक बोंड दिलं. त्यांच्याकडे ऐनाच्या झाडांवर रेशमाचा कोसा घेतात. त्या बोंडातून तळहात झाकेल एवढा पतंग निघाला. त्याच्या प्रत्येक पंखावर काचेसारखा गोल होता, त्यातून पलीकडचं दिसे. बायको त्याला उजेडाकडे धरून त्या गोलातून माझ्याकडे बघत बसली होती, तेवढ्यात त्यानं तिच्या तोंडावरच पंख फडफडवले. ती डोळे चोळायला लागली. तिची मोठी बहीण तेव्हा आमच्याकडे आलेली. घरात सगळे तिला बाई म्हणतात. तिरोड्याकडच्या खेड्यात राहते, शेती करते, आणि बहिणीवर आईसारखा जीव लावते, कारण आई लवकर गेली तेव्हा हिला तिनंच वाढवलं.

"पाकाचा भुसा डोळ्यात गेला वं तुया," बाई ओरडली. "आंधरं होते मानूस त्यानं."

"काई नाही होत, बाई," बायको डोळे पुसत हसली. मीही हसलो.

पुढच्या वर्षी बायकोच्या डोळ्यांपुढे काळे धागे तरंगायला लागले. साखर जुनीच होती, ती डोळ्यात उतरली होती. नागपूरला नेलं. पडद्यात रक्त आलंय म्हणाले, लेझर केलं, पुन्हा केलं. शेवटी डॉक्टरनं खुर्ची माझ्याकडे वळवून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणि आहे तेही फार दिवस टिकेल असं वाटत नाही. बायको शेजारीच बसली होती. माझ्याकडे वळून बोलल्यानं तिला ऐकू येणार नाही असं त्या भल्या माणसाला का वाटलं कोण जाणे. परत येताना एसटीत बायको भंडारा गेल्यावर म्हणाली, "निळा पाह्याचा राह्यला."

मी त्या दिवशी ठरवलं की हिला निळा दाखवायचाच. देवाला नवस बोलणारा मी नाही. पण माणसाच्या हातून होण्यासारखं एवढं एकच काम उरलं होतं, म्हणून मी ते धरून बसलो.

त्या पावसाळ्यात निळी मादी आली. मी दुकानातून तिला बोळातून मागे जाताना पाहिलं आणि हातातलं वाइंडिंग तसंच टाकून मागे धावलो. तिनं पानांवर अंडी ठेवली होती, मोहरीपेक्षा जराशी मोठी. आता बायकोला ती दिसत नव्हती. डावा डोळा गेल्यातच जमा होता, उजव्यानं पोत्यातून बघितल्यासारखं दिसतं म्हणायची. मग ती विचारायची आणि मी सांगायचो. पट्टा आडवा की तिरका? पाठीवर पांढरं आहे की भुरं? डिवचल्यावर शिंगं काढते ती लाल की पिवळी? मला आयुष्यात कधी अळीच्या शिंगांचा रंग सांगावा लागेल असं वाटलं नव्हतं. मी आपला वायरीच्या इन्सुलेशनचे रंग आठवून सांगायचो. ती पान नाकाशी नेऊन मान हलवायची आणि म्हणायची, "चितळ नोहे. निळाच होय."

शेजारच्या बांधीत धानावर फवारणी झाली. वारा आमच्या दिशेला होता. झाडावरच्या अळ्या दुसऱ्या दिवशी मऊ पडून लोंबत होत्या. पिंजऱ्यात आणलेल्या तेवढ्या वाचल्या. मी लांबच्या घरांतून पानं मागून आणायचो, धुवायचो, पुसायचो, घालायचो. लोक विचारत, काऊन गा, बकरी घेतली का? मी हो म्हणायचो. पोळा आला तोवर सगळ्या अळ्यांचे कोश झाले होते, लिंबाच्या काड्यांना चिकटलेले, हिरवे. बायको पिंजऱ्याजवळ खाट टाकून बसायला लागली. मी रोज विचारायचो, "दिसते ना?" ती म्हणायची, "दिसते की. अंधुक." मला तेवढं पुरे होतं.

पोळ्याला बाई आली. आमच्या भागात पोळ्याच्या दिवशी दारात पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे घरातली सगळी पीडा त्या मेढ्यांसोबत शिवेबाहेर न्यायची. नारबोद म्हणून एक बाहुली असते, पोरं-माणसं तिला ओढत नेतात, मागून सगळं गाव ओरडतं, खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद, ढेकूण-मच्छर घेऊन जा गे नारबोद. ज्याच्या घरात जे दुखणं असेल त्याचं नाव घ्यायचं. आमच्या लहानपणी आम्ही मास्तरचंही नाव घ्यायचो. शिवेवर बाहुली जाळतात, मेढे तिथे टाकतात आणि हातपाय धुऊन मागे न बघता घरी येतात.

त्या पहाटे ओरडा ऐकू आला तेव्हा मी नळावर पाणी भरत होतो. बायको आत होती. थोड्या वेळानं बाई मागच्या दारानं आली. पाय धुतलेले, पदर ओला, चेहरा असा फुललेला की बऱ्याच दिवसांत तसा पाहिला नव्हता. तिच्या हातात पिंजरा होता. रिकामा.

"घातलं सारं," ती म्हणाली. "कोश काड्यासंगं मेढ्यात फेकले. डोऱ्याची पीडा घेऊन जा गे म्हनलं तीनदा. आता पाहा जवाई, उतरते का नाही."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोटार जळाली तरी मी आवाज चढवत नाही, त्या दिवशी शेजारचे भिंतीवरून डोकावले. बाईच्या तोंडचा रंग गेला. ती एवढंच म्हणत होती, "तिच्यासाटीच केलं गा, तिच्यासाटीच."

मी तसाच ओल्या कपड्यांनी शिवेकडे धावलो. नारबोद जळून गेली होती. ओले मेढे जळत नव्हते, नुसते धुमसत होते, आणि वरून गावभरची माणसं चालून गेली होती. मी त्या धुरात हात घालून पळसाच्या फांद्या उपसल्या. येणारे-जाणारे उभे राहिले. शिवेवर टाकलेलं परत उचलायचं नसतं, एका म्हाताऱ्यानं मला तसं सांगितलंही. लिंबाच्या काड्या सापडल्या. एकीवरचा कोश भाजला होता, बाकीचे पायाखाली फुटून त्यांचं हिरवं पाणी झालं होतं. अगदी खाली, चिखलात, एक काडी निघाली. तिच्यावरचा कोश धड होता. धागासुद्धा तुटला नव्हता.

मी घरी आलो तेव्हा बाई गेली होती. न जेवता, ताज्या पोळ्या डब्यात तशाच टाकून, पहिल्या एसटीनं. बायको म्हणाली, "तुमी लय बोलले तिले." मी म्हणालो, बोललो ते कमीच. मग काडी तिच्या हातात दिली. ती त्यावरून बोट फिरवून म्हणाली, "एक पुरे होते."

त्यानंतर मी दुकान जवळजवळ बंदच केलं. पिंजऱ्यापाशी बसायचो आणि सांगायचो. आज हिरवा आहे. आज कडेला जरा भुरा झाला. आज काळा पडायला लागला. काळा पडला की पंख रंग धरतात, म्हणजे निघायची वेळ आली, हे मला एव्हाना पाठ झालं होतं. ती पिंजऱ्यावर वाकून म्हणायची, "हो, काळा पडून राह्यला." तिच्या आवाजात असं काही असायचं की मला वाटायचं, हे नक्की होणार. मी तिची खाट उजेडाकडे सरकवली, म्हणजे उजव्या डोळ्यावर नीट प्रकाश येईल.

एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर कोशाच्या कुशीत गोल भोक होतं, ज्वारीचा दाणा जाईल एवढं. आणि कापडाच्या आतून एक बारीक कंबरेची काळी माशी वर चढत होती. मला हे माहीत होतं. ही माशी अळी लहान असतानाच तिच्या अंगात अंडं घालते. अळी खाते, वाढते, कोश करते, आणि आतलं पिल्लू तिला सगळी खाऊन बाहेर येतं. आमची ही अळी झाडावर होती तेव्हाच मेलेली होती म्हणायची. नारबोद गेली नसती तरीही.

बायको खाटेवर उठून बसली होती. तिचं तोंड पिंजऱ्याकडे होतं. भोक तिच्या डोळ्यांपासून वीतभर लांब, आणि माशी तर तिच्या समोरूनच चालली होती. ती म्हणाली, "निघालं का?"

तिनं हात पुढे केला. मी काडी दिली. फुलपाखरू निघालं असतं तर कोश डोक्याकडून उलला असता. तिनं बोटानं डोकं चाचपलं, ते बंद होतं. मग बोट कुशीवर आलं आणि थांबलं.

"माशी होय," ती म्हणाली.

"तुला दिसली नाही?" मी विचारलं.

"मले काई दिसत नाही. पोऱ्याच्या सणाच्या आधीपासून नाही दिसत." ती काडी मांडीवर ठेवून शांतपणे बोलत होती. "तुमी एवढं सांगून राह्यले होते. कसं मोडू?"

मी खाली बसलो. चहा थंड झाला. रडलो की नाही ते सांगत नाही. ती मात्र रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "बाईले फोन लावा."

मी लावला. बाईनं पहिल्याच घंटीला उचलला. त्या दिवसानंतर आमचं बोलणं नव्हतं, ती घाबरलेल्या आवाजात हॅलो हॅलो करत होती. बायकोनं फोन कानाला लावला, आणि अनेक महिन्यांत मी ऐकला नव्हता अशा मोठ्या, खुशीच्या आवाजात बोलली.

"बाई, निघालं वं! एक वाचलं होतं, ते निघालं. निळं. एवढं मोठं. हो, म्या पाह्यलं. सोताच्या डोऱ्यानं पाह्यलं."