उचलावाच लागणारा फोन

मी जनावरांची डॉक्टर. राहते बारामतीत, पण काम सगळं इंदापूर तालुक्यातल्या गावांत. स्कूटरच्या मागं औषधांची पेटी आहे आणि तिच्यावर लाल रंगात माझा मोबाईल नंबर लिहिलेला आहे. मला दवाखान्याची खोली नाही, हा नंबरच माझा दवाखाना. लोकांनी तो गोठ्याच्या भिंतींवर खडूनं लिहून ठेवलाय. गाय अडली की माणूस जो फोन हाताशी असेल त्यावरून लावतो, त्यामुळं अनोळखी नंबर मी कधी टाळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात अंथुर्ण्यातली एक म्हैस मोठ्या आजारातून उठली. मालकानं खुशीत तिचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. पुढं काळीभोर म्हैस, मागं माझी स्कूटर. कुणा भामट्यानं तोच व्हिडिओ उचलला आणि ‘म्हैस विकणे आहे, घरपोच मिळेल’ अशी जाहिरात केली. खाली स्वतःचा नंबर टाकला. लोक आगाऊ पैसे पाठवायचे, आणि पैसे पोचले की त्याचा फोन बंद. मग फसलेला माणूस तो व्हिडिओ परत परत बघायचा, आणि कधीतरी त्याला माझ्या पेटीवरचा नंबर दिसायचा.

पहिल्या माणसानं शांतपणे विचारलं, “म्हैस कवा पाठवताय?” मला वाटलं चुकून लागला. दुसऱ्यानं सरळ आईवरून शिवी दिली. मी समजावून सांगायची, की मी डॉक्टर आहे, व्हिडिओ चोरलाय, तुम्ही तक्रार करा. मी स्वतःही पोलिसांत तक्रार दिली होती. काही जण ऐकायचे, काही म्हणायचे, “सगळे भामटे असंच सांगतात.” बाईचा आवाज ऐकला की काहींच्या जिभेला वेगळंच वळण लागायचं. ते शब्द मी घरी नवऱ्यालाही सांगितले नाहीत.

मग आणखी एक प्रकार सुरू झाला. कुणीतरी शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर लिहिलं, ‘मुरघास मोफत मिळेल’, आणि खाली माझा नंबर. मुरघास म्हणजे खड्ड्यात मुरवलेला हिरवा चारा, आणि तेव्हा चाऱ्याची टंचाई होती. सकाळी दात घासत असल्यापासून फोन. ही माणसं बिचारी खरंच वैरण शोधत होती. मी नाही म्हटलं की हिरमुसून ठेवायची, आणि तेवढ्यात दुसरा फोन वाजायचा.

“नंबर बदल,” नवरा म्हणाला.

“आणि भिंतींवर लिहिलेल्यांचं काय?”

“मग अनोळखी उचलू नको.”

“अडलेल्या गाईचा फोन कुणाच्या नंबरवरून येणार ते मला आधी कळतं का?”

 

एका दुपारी अंथुर्ण्यातच एक गाय अडली होती. वासराचं डोकं मागं वळलेलं. माझा हात खांद्यापर्यंत आत आणि फोन गाईच्या मालकीण मावशींच्या हातात. तो थांबेचना. “दुसरं जनावर असंल, बघा तरी,” मी म्हटलं. मावशींनी उचलला, कानाला लावला आणि त्यांचा चेहराच बदलला.

“आरं ए, तुला आया-भैनी हायत का न्हाय? हितं बाई गाईच्या पोटात हात घालून बसलीय अन् तू…” पुढं त्यांनी त्याला जे सुनावलं ते ऐकून मला वासराचे पाय धरता धरता हसू आलं. वासरू जिवंत निघालं. हात धुताना मात्र मावशी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाई, राग मानू नका. त्या म्हशीच्या पैशांशी तुमचा खरंच काय संबंध न्हाय न्हवं?”

शिव्यांनी झालं नव्हतं ते त्या एका प्रश्नानं झालं. परत येताना मी रस्त्याकडेला स्कूटर लावून नुसतीच बसून राहिले. फोन पेटीत कोंबला होता, तो आतून वाजत होता.

मुरघासाचा मेसेज कुणी टाकला ते भवानीनगरच्या एका शेतकऱ्यामुळं कळलं. तो वैरण मागायला फोन करणाऱ्यांपैकीच. त्यानं मेसेज टाकणाऱ्याचा नंबर पाठवला. तो माझ्या फोनमध्ये आधीच होता. या नंबरवरून एक जण रोज फोन करायचा. शिवी नाही, बोलणं नाही. मी ‘हॅलो, हॅलो’ करायची, त्याचा श्वास ऐकू यायचा, मग ठेवायचा.

पत्ता काढून मी गेले. कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. अंगणात नवा गोठा, पत्रा चकचकीत, गव्हाणीला सिमेंटचा वास, आणि आत जनावर नाही. सुनेनं पाणी आणलं. मी पेटीवरच्या नंबराकडं बोट दाखवलं तसे ते खाली बघू लागले.

“आबा, तुमचे म्हशीचे पैसे मी घेतलेत असं वाटतं तुम्हाला?”

“न्हाय.”

“कधी कळलं?”

“पैल्या दिशीच. तुमी फोन धरून कुणाला तरी म्हणत व्हता, औषध पाजायच्या आधी कोमट करा. तवाच कळलं ह्या डॉक्टरीणबाई हायत.”

“मग?”

त्यांनी रिकाम्या गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “त्याचा फोन बंद असतो, बाई. तुमचा लागतो.”

मला इतका संताप आला की पाणी न पिताच मी तांब्या खाली ठेवला. या माणसाचं नाव, घर, नंबर, सगळं माझ्याकडं होतं. फोनमध्ये सगळ्या कॉलचं रेकॉर्डिंग होतं. एक मेसेज टाकला असता तर आबांचा फोनही माझ्या फोनसारखाच झाला असता. मी तसं तोंडावर म्हणाले. सून दारात उभी राहून रडायला लागली. आबा म्हणाले, “टाका. माझी ना न्हाय.” पण ते असं म्हणाल्यावर माझ्याच्यानं टाकवेना. ते मोठेपण नव्हतं. मला नुसता कंटाळा आला होता.

आबांनी ग्रुपांवर खुलासा टाकला. तो फार कुणी पुढं पाठवला नाही. फुकटचा मुरघास मात्र कुठच्या कुठं पोचला होता.

पुढं काही दिवसांनी आबांचाच फोन आला. या वेळी ते बोलले. त्याच व्हिडिओची नवी जाहिरात आली होती, नवा नंबर होता आणि तो चालू होता. मी लावला. “हां जी, भैंस चाहिए?” अगदी गोड, दुकानदारासारखा आवाज. इतके दिवस मी याला काय काय बोलायचं ते मनात घोळवत होते, आणि तोंडातून निघालं एवढंच, की माझा व्हिडिओ काढून टाका. तो हसला. “मैडम, आप का नंबर अच्छा चल रहा है,” म्हणाला आणि फोन ठेवला.

मी तो नंबर पोलिसांना कळवला. आबा म्हणाले, “ग्रुपवर बी टाकतो. घेऊ दे त्येला बी चव.” तो नंबर खरंच त्याचा आहे की माझ्यासारख्या कुणाचा उचललेला, मला सांगता येत नव्हतं. ‘टाकू नका’ म्हणायला हवं होतं असं आता वाटतं. तेव्हा मी काहीच म्हणाले नाही. दुपारभर लोक त्या नंबरवर तुटून पडले, शिव्यांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर येत राहिले, आणि मी ते एकेक वाचत, खरं सांगायचं तर, सुखावत होते. संध्याकाळी तो नंबर बंद झाला. रागावलेली माणसं तेवढ्यावर थांबायची थोडीच. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला, आणि माझा फोन वाजू लागला.

आता फोन कमी झालेत, थांबलेले नाहीत. पेटीवरचा नंबर मी पुसलेला नाही.

आबांनी शेवटी बाजारात जाऊन, समोर उभं राहून, दूध काढून बघून म्हैस घेतली. ती गाभण आहे का ते तपासायला त्यांनी मलाच बोलावलं. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मी स्कूटर काढली आणि गेले. म्हैस गाभण होती. त्यांनी फी दिली, ती मी घेतली. सुनेनं चहा ठेवला होता, तो मात्र मी घेतला नाही.