सावल्यांचं गाव

पांडेसऱ्याच्या आमच्या लूमखात्यात आप्पा आवाज न काढता गोष्टी सांगत. मागांच्या खडखडाटात कानांचा उपयोग नसतो, तिथे सगळे ओठ वाचतात. आप्पा दोन मागांमधल्या बोळात उभे राहून ओठ हलवत आणि पलीकडच्या रांगेतला माणूस राक्षसाच्या फजितीला हसत असे.

धुळ्याकडचा हा साठीचा विणकर रविवारच्या बाजारातून जुन्या, जाड हिंदी कादंबऱ्या आणी. जादूगार, राक्षस, उडते घोडे. कुणी चिडवलं, "आप्पा, नातवंडांच्या वयाचं वाचता का?" तर म्हणत, "राक्षस खोटा आहे रे भो. पण त्याला पाहून मित्राला सोडून पळतो ना, तो माणूस खरा आहे."

गोष्ट ऐन मोक्याला थांबवून ते कुणाकडे तरी बोट करत, "बोल, तू काय केलं असतं?" मी नेहमी शूराचं उत्तर देई.

कापडाचा ताका उतरला की विणकर त्याच्या टोकाला आपल्या मागाचा नंबर लिहितो. त्या महिन्यात माझे दोन ताके तेलाच्या डागांनी खराब झाले होते. तिसरा झाला तर घरी बस, असं खात्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरने बजावलं होतं. बायको-मुलं नुकतीच गावाहून आली होती. तिसराही खराब निघाला, तेव्हा मी त्यावर माझ्या चारऐवजी आप्पांचा सात लिहिला.

मास्तर आप्पांना म्हणाला, "किताबों में ध्यान रहेगा तो यही होगा. अब घर बैठ के पढ़ो."

आप्पांनी तो आकडा बराच वेळ पाहिला. मग चष्मा खिशात ठेवून निघून गेले. ताके तपासून घडी घालायच्या टेबलाशी, तिथेच मी उभा होतो. बोललो नाही.

नवागामला त्यांच्या खोलीवर मी रविवारी जात राहिलो. जाणं बंद केलं असतं तर संशय आला असता, खरं कारण एवढंच. एका रविवारी त्यांनी एका गावाची गोष्ट सांगितली. तिथे माणूस जिथे खोटं वागतो, तिथेच त्याची सावली उभी राहते. माणूस पुढे जातो, म्हातारा होतो, सावली तिथेच. परत न्यायची तर त्याच जागी, त्याच लोकांसमोर खरं बोलावं लागतं. त्या दिवशी त्यांनी "तू काय केलं असतं" असं विचारलं नाही. चहा ठेवायला उठले. मी चहा न घेताच निघालो.

पुढचे आठ दिवस सुट्टी झाली की बमरोली रस्त्याने उगीच चालत राही. घडीच्या टेबलाला वळसा घालून जाई. शेवटी सोमवारी मी तिथेच मास्तरला सांगितलं. मागांच्या आवाजात त्याला "क्या?" असं दोनदा विचारावं लागलं. रांगेतल्या विणकरांनी मात्र पहिल्याच वेळी वाचलं होतं. त्या दिवशी माझं काम गेलं. आप्पांना परत बोलावलं, पण दम लागून छाती भरून येई म्हणून ते गेले नाहीत.

मी त्यांच्या पायाशी बसलो, तेव्हा म्हणाले, "हजेरीच्या वहीतही सातच्या पोटात आडवी रेघ तूच मारतो, भो. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत, आप्पा?"

"मी बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती, बस. दुसरं काय झालं असतं?"

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. माझंही विचारायचं धाडस झालं नाही. आता विचारायला ते नाहीत. त्यांच्या मुलीने सगळी पुस्तकं मला दिली. एकेक करून मी ती वाचून काढली, काही दोनदा. राक्षस आहेत, घोडे आहेत. सावल्यांचं ते गाव कशातच नाही.