शंभूभाऊंची विजेवरची गिटार

शंभूभाऊ परब भजनाआधी तारा जुळवायचे नाहीत, आधी माणसं गोळा करायचे. वालावलच्या देवळात ऊन कलायच्या सुमारास जो दिसेल त्याला सभामंडपात बसवायचे. "बसा गो, बोलू नकात, नुसती बसा!" बायका हसत बसायच्या. गावच्या शाळेचा मास्तर मी, शाळा सुटल्यावर घरी जाताना मीही अनेकदा त्यांच्या तावडीत सापडलो.

मुंबईत नोकरी करताना एका गोव्याच्या वादकाकडून ते गिटार शिकले होते. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. आवाज मोठा करणारं यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चाले, कारण गावात वीज कुठली! यंत्राला आवाजाच्या बटणाखेरीज आणखी दोन बटणं. एक खर्जाचं, एक बारीक सुरांचं. शंभूभाऊंचा जीव त्या दोन बटणांत.

भजनाचे बुवा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, दादा. ते म्हणत, "ह्यां खेळणां माझ्या भजनात नको." तरी धाकट्याच्या हट्टापायी पहिल्या वर्षी देवळातल्या भजनी सप्ताहात त्यांनी परवानगी दिली. शंभूभाऊंनी भर दुपारी, रिकाम्या मंडपात बटणं लावली. संध्याकाळी मंडप माणसांनी गच्च भरला आणि त्या गर्दीत गिटारीची धारच गेली. घाबरून त्यांनी आवाज चढवत नेला. दादांचा आवाज मुळात मऊ, वयाने थकलेला. तो ऐकू येईना. दादांनी अभंग अर्ध्यावर सोडला, टाळ खाली ठेवले. "तू वाजय. मी घराक जातंय."

दोघं एकाच घरात राहत, पण त्यानंतर वर्षभर बोलणं जेवायला हाक मारण्यापुरतं. शंभूभाऊ खंगले. मला म्हणाले, "ह्या गिटारीन दादाचो आवाज गिळलो, मास्तर. दादा परत माझ्यावांगडा गायलो नाय, तर ही घेऊन काय करू?"

मग माणसं बसवायचा उद्योग सुरू झाला. आम्ही बसायचो, मला दादांच्या पट्टीत अभंग म्हणायला लावायचे. माझा गळा म्हणजे आनंदच, पण शंभूभाऊ मान खाली घालून ऐकत. शेवटी त्यांना सापडलं. दोन्ही बटणं चढवायची आणि एकूण आवाज खाली घ्यायचा. खाली खर्ज, वर बारीक सूर, आणि मधे पोकळी.

पुढच्या सप्ताहात मी दादांच्या हातापाया पडलो. "एकच अभंग," ते म्हणाले. "नको वाटला, तर तार उपटून टाकतलंय."

त्यांनी सुरुवात केली आणि त्यांचा थकलेला आवाज त्या पोकळीत असा नीट बसला, की मागच्या खांबापाशी बसलेल्यांनाही शब्द न् शब्द कळला. अभंग संपला. दादांनी दुसरा धरला, मग तिसरा. उठताना भावाकडे न बघता म्हणाले, "उद्या ह्यां खेळणां जरा लवकर लाव." शंभूभाऊंनी उपरण्यात तोंड लपवलं.

मग सप्ताह दोघांचाच झाला. एका पावसाळ्यात दादा गेले.

त्यानंतरच्या सप्ताहात शंभूभाऊ एकटेच बसले आणि दादांचा अभंग नुसता गिटारीवर वाजवू लागले. आवाज मधे पोकळ, विचित्र लागत होता. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मी टाळ घेऊन शेजारीच होतो. हळूच वाकून म्हणालो, "भाऊ, बटणं जरा फिरवा. मधे काहीच ऐकू येत नाही."

कांडी सरकवत, मान वर न करता ते म्हणाले, "नको, मास्तर. थंय दादा गाता."