कडेवरून ओळखलेली नाणी

सासूबाई जर्मनीत कार्ल्सरूहेला आमच्याकडे तीन महिने राहायला आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात म्हणाल्या, "मला परत पाठवा."

काचबिंदूनं त्यांची नजर अंधूक झाली होती. समोर माणूस आहे एवढं कळायचं, चेहरा कळायचा नाही. पण खरं दुखणं वेगळंच होतं. "पुण्यात भाजीवाल्यापुढे तळहात पसरते आणि तो त्यातली नाणी वेचून घेतो. एक रुपया कुठला, दोन कुठला, मला समजत नाही. भीक मागितल्यासारखं वाटतं गं. तेच करायला इथे कशाला राहू?"

माझा स्वभाव मुळात तापट. "अहो आई, इथे तुमच्या हाताकडे बघायला वेळ कुणाला आहे!" म्हणत मी चिल्लरीचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि पोळ्या लाटायला गेले. परत आले तर त्या एक नाणं बोटांत फिरवत होत्या.

"याच्या कडेला खाचा आहेत."

ते वीस सेंटचं होतं. दोन सेंटच्या कडेवर गोल चर होता. एक युरोची कड थोडी खरखरीत, थोडी गुळगुळीत. चार दिवसांत त्यांना सगळी नाणी पाठ झाली. मागचं चित्र मात्र देशागणिक वेगळं, ते काही बोटांना कळेना. तिथे माझी लेक कामी आली. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. दोघींचं ठरलं, किंमत आजीनं सांगायची आणि देश नातीनं.

"आडलर!"

"गरुड म्हण," मी सांगितलं. "म्हणजे इथलंच."

"हार्फे. इरलांड!" आयर्लंडचं तारांचं वाद्य, मी समजावलं.

"वीणा असेल," आजीनं परस्पर ठरवून टाकलं. ग्रीसच्या एक युरोवर मात्र घुबड निघालं. आजी दचकल्याच. "ते घरात नको. आधी तेच खर्चून टाकू."

ही नाणी कुणी घडवली, मला माहीत नाही. चित्रं ज्याची त्याला हवी तशी, पण कडा मात्र सगळ्या देशांत सारख्या, हे ठरवताना बोटांनी बघणारं कुणीतरी त्याच्या डोळ्यांसमोर असणार. त्या अनोळखी माणसाचे उपकार मी आजही मानते. आणि माझ्या लेकीचेही, कारण खेळता खेळता तिनं आजीला जर्मन आकडे शिकवले.

बेकरी आमच्याच इमारतीच्या खाली होती. एका सकाळी सासूबाई घुबड आणि थोडी चिल्लर मुठीत धरून एकट्या आत गेल्या. मला बाहेरच थांबायची ताकीद होती. काचेआडून मी जीव मुठीत धरून बघत होते. त्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. बाईनं रक्कम सांगितली. सासूबाईंनी मुठीतच नाणी चाचपली आणि काउंटरवरच्या ताटलीत एकेक मोजून ठेवली.

"श्टिम्ट. डांके," बरोबर आहेत, धन्यवाद, असं म्हणत बाईनं पैसे गल्ल्यात टाकले आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सासूबाई बाहेर आल्या, पावाची पिशवी माझ्याकडे दिली. "गेलं एकदाचं घुबड," म्हणाल्या. मला हसू आलं, पण त्यांचे डोळे भरले होते.

"तिनं माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही गं."