मास्तरांची गाडी बंद पडत नाही

शहरात गाडी शिकवणारे पुष्कळ होते, पण नुसतं ‘मास्तर’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येई. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि चेहरा असा गरीब की त्यांनी आपल्या पायावर पाय दिला तर आपणच त्यांची माफी मागावी. बाकीच्यांच्या गाड्या सिग्नलला बेडकासारख्या उड्या मारत आणि भर चौकात बंद पडत. मागून हॉर्नचा कल्ला होई, शिकणारा घामाघूम होई, शिकवणारा त्याच्यावर खेकसे. मास्तरांची गाडी मात्र कधी बंद पडत नसे. काल आलेला माणूससुद्धा गिअर टाकून, क्लच सोडून असा अलगद निघे की त्याचं त्यालाच नवल वाटे. “मास्तरांचा पायगुणच तसा,” लोक म्हणत. मास्तर हसत आणि विषय बदलत. दुसरं करणार काय? लोक म्हणत होते ते शब्दशः खरं होतं.

त्याचं असं होतं. शिकवण्याच्या गाडीत पेडलं दोन्ही बाजूंना असतात. दोन्ही क्लच खालून एका पट्टीने जोडलेले, एक दबला की दुसरा दबतो, एक सुटला की दुसरा सुटतो. मास्तरांनी मिस्त्रीकडून त्या पट्टीत एक लांबट खाच पाडून घेतली होती आणि शिकणाऱ्याच्या पेडलला एक वेगळी स्प्रिंग बसवून घेतली होती. आता शिकणाऱ्याने पेडल दाबलं की क्लच दबे. पण त्याने सोडलं म्हणून तो सुटेच असं नव्हतं. त्याचं पेडल स्प्रिंगने वर येई, आणि खरा क्लच मास्तरांच्या बुटाखाली तसाच दबून राही. मग मास्तर खिडकीबाहेर बघत, इकडचं तिकडचं बोलत, आपला पाय इतका सावकाश उचलत की गाडी हूं की चूं न करता निघे. शिकणाऱ्याला वाटे, आपण चालवली.

सुरुवात वाईट हेतूने झाली नव्हती, एवढं मास्तरांच्या बाजूने बोललंच पाहिजे. ते स्वतः शिकत होते तेव्हा त्यांची गाडी एका बसच्या तोंडाशी बंद पडली होती. बसचा ड्रायव्हर खाली उतरून नको नको ते बोलला आणि बसमधली माणसं खिडक्यांतून माना काढून हसली. आपल्याकडे येणाऱ्याला हे सोसावं लागू नये, असं त्यांना मनापासून वाटलं. मग शिकणाऱ्यांची रीघ लागली, आणि वाटलं, असू दे. चांगुलपणाला धंद्याची जोड मिळाली की माणूस स्वतःला फारसे प्रश्न विचारत नाही. शेवटच्या आठवड्यात आपण पाय काढून घ्यायचा, असं ते दर माणसामागे ठरवत. पण तेव्हा गाडी बंद पडली तर माणूस म्हणणार, इतके दिवस शिकलो ते काय? म्हणून तो शेवटचा आठवडा कधी उजाडलाच नाही.

अशातच मास्तरांच्या थोरल्या भावाचे डोळे गेले. दादांनी सारं आयुष्य एका शाळेची व्हॅन चालवली होती. काचबिंदू झाला, कडेचं दिसेनासं झालं, आणि त्यांनी स्वतःच एका संध्याकाळी किल्ली शाळेत नेऊन दिली. शाळेच्या मोठ्या बाई तशा भल्या. त्या म्हणाल्या, घरातलं दुसरं कुणी शिकून तयार झालं तर व्हॅन तुमच्याचकडे राहू दे. घरात दुसरं कोण? मास्तरांना आपला धंदा सोडता येत नव्हता आणि लेक लग्न होऊन लांब गेलेली. उरली वहिनी. तिने पन्नाशी गाठली होती आणि तोवर सायकलच्याही वाटेला गेली नव्हती.

“भाऊजी, मला जमेल का हो?” तिने विचारलं.

“न जमायला काय झालं? माझ्याकडे कुणाला जमलं नाही असं झालंय का?” मास्तर म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांना किती वेळा ऐकू येणार होतं, त्याचा हिशेब नाही.

वहिनी या घरात आली तेव्हा मास्तर शाळेत होते, अभ्यासात दगड आणि दादांच्या माराला पात्र. त्यांच्या नापासाच्या दिवसांत त्यांच्याशी नीट बोलणारं घरात तेवढं एकच माणूस होतं. आता ती स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली, ओठ मिटले, कपाळाला आठ्या पडल्या, आणि मास्तरांनी ठरवलं की हिचं हसं होऊ द्यायचं नाही. तिच्या वेळी त्यांचा बूट क्षणभरही पेडलवरून हलला नाही.

पाण्याच्या टाकीजवळचा चढ हा सगळ्यांचाच घाम काढणारा. तिथे मध्येच थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. वहिनीने पहिल्याच झटक्यात ते केलं. वर पोचल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि चेहरा पदरात झाकून हसायला लागली. हसता हसता रडली. त्या रात्रीच्या जेवणावर तिने दादांना तो चढ इतक्या वेळा चढवला की दादा म्हणाले, “अगं, आता उतर तरी.” पुढे परीक्षाही झाली. परीक्षा घेणारे साहेब मागच्या सीटवर बसले, मास्तर नेहमीच्या जागी, आणि वहिनी पास झाली. खरं म्हणजे मास्तरांचा बूट पास झाला.

व्हॅनला मास्तरांचा बूट नव्हता.

शाळेच्या फाटकाशी छोटासा चढ आहे, चालताना जाणवतही नाही एवढा. पहिल्याच सकाळी, मुलांनी भरलेली व्हॅन घेऊन वहिनी तिथे थांबली आणि निघायला गेली. गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे रिक्षा, रिक्षामागे पालकांच्या गाड्या. तिसऱ्या वेळी घाबरून तिने हँडब्रेक आधी सोडला आणि व्हॅन तिरकी मागे घरंगळत, रिक्षाला निसटती चुकवून, फाटकाच्या खांबाला आदळली. मुलांनी एकच आकांत केला. एका चिमुरडीचा ओठ फुटला, बाकी कुणाला काही झालं नाही. पण वहिनीला त्या फुटलेल्या ओठापलीकडे काही दिसेना. ती मुलीला मांडीवर घेऊन फाटकातच बसून राहिली.

मोठ्या बाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. ऑफिसात एका खुर्चीवर वहिनी बसलेली, मान खाली, हातात मुलीचा ओठ पुसलेला रुमाल.

“तुम्ही शिकवलंय यांना,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच सांगा. या चालवू शकतील का? मुलांचा प्रश्न आहे, मला भिडेने काही करता येणार नाही.”

एवढंच म्हणायचं होतं, की बाई, यांचा काही दोष नाही. शब्द तोंडात तयार होते. पण त्या शब्दांच्या मागोमाग मिस्त्री, पट्टी, खाच, सगळं बाहेर आलं असतं. मास्तरांनी घसा खाकरला.

“आमच्याकडे यांची गाडी एकदाही बंद पडली नव्हती,” ते म्हणाले. “आता काय सांगू, वय झालं की पाय घाबरतो.”

वहिनीने मान वर केली नाही. “चूक माझीच आहे,” ती म्हणाली. “त्यांनी जीव तोडून शिकवलं.”

बाईंनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. तोवर दुसरा माणूस बघते, म्हणाल्या. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचे कान तापले होते. खोटं बोलल्याची लाज एक असते. पण आपल्या खोट्याला ज्याचा बळी दिला त्यानेच आपली बाजू घ्यावी, त्या लाजेची जातच वेगळी. त्या दिवशी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी दादांनी त्यात भर घातली. “तुझ्यासारखा मास्तर घरात असून हिला जमू नये म्हणजे कमाल झाली,” ते म्हणाले. वहिनी आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज मध्येच थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. मास्तर न जेवताच उठले. पोट बिघडलंय, असं सांगितलं. एकदा सवय लागली की खोटं कसं सहज येतं बघा.

सकाळी त्यांनी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री गाडीखाली गेला, हसत बाहेर आला. “खाच भरून टाकायची म्हणता? मास्तर, दुकान बंद करायचा विचार आहे की काय?”

“स्प्रिंगही काढ,” मास्तर म्हणाले. “दोन्ही पेडलं एकदम उठली पाहिजेत. केसाचा फरक नको.”

मिस्त्रीने खाच वेल्ड करून बुजवली, नवा बोल्ट घातला, केबल ताणून पेडलचा ढिलेपणा हवा तेवढाच ठेवला. मास्तरांनी स्वतः बसून दाबून पाहिलं. एवढ्याशा कामाला इतकी वर्षं लागली होती. दुपारी ते वहिनीला घ्यायला गेले. ती नको नको म्हणत होती. शेवटी दादा ओरडले म्हणून ती आली, आणि टाकीच्या चढापर्यंत बाहेर बघत बसली.

चढाच्या मध्यावर मास्तरांनी गाडी थांबवली. जागा बदलल्या. मग मास्तरांनी बूट काढले आणि सीटवर चक्क मांडी घातली. वहिनीने चमकून पाहिलं.

“आता पेडलवर माझा पाय नाही,” ते म्हणाले. “आजवर होता. रोज होता. क्लच तुम्ही नाही, मी सोडत होतो.” मग त्यांनी सगळं सांगितलं, खाचेपासून बोल्टपर्यंत, तिच्याकडे न बघता, समोरच्या काचेशी बोलावं तसं.

वहिनीने ओढलेला हँडब्रेक आणखी घट्ट ओढला.

“परीक्षेच्या दिवशी?” तिने विचारलं.

“तेव्हाही.”

“आणि इथे? पहिल्यांदा चढले तेव्हा?”

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. तिचा चेहरा पडला, आणि मास्तरांना कळलं की आपण तिचा दोष परत घेतला खरा, पण त्याबरोबर तो दिवसही घेतला. दादांना पुन्हा पुन्हा सांगितलेला चढ तिने कधी चढलेलाच नव्हता.

“बाईंसमोर तुम्ही वयाचं बोललात,” ती हळू आवाजात म्हणाली, “तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं.”

तो प्रश्न नव्हता. मास्तरांनी तरी “हो” म्हटलं.

“उतरा, भाऊजी.”

“वहिनी, एकटीने चढावर...”

“उतरा म्हटलं ना.”

ते बूट हातात घेऊनच उतरले. गाडी सुरू झाली, हिसका बसला, बंद पडली. पुन्हा. पुन्हा. खालून एक टेम्पो येऊन थांबला आणि हॉर्न वाजवायला लागला. मास्तर अनवाणी त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं. “कोणी शिकवलं हिला गाडी?”

“मी,” मास्तर म्हणाले.

“मग घरी बसा ना.”

मागे आणखी दोघं हसले. मास्तर हात आडवा धरून तसेच उभे राहिले. पाठीमागे इंजिनाचा आवाज बदलला, थोडा जड झाला, जिथे क्लच खरोखर पकडतो तिथे होतो तसा. वहिनीने क्लच तिथेच धरून ठेवला आणि मग हँडब्रेक सोडला. गाडी चढली. वर थांबली नाही, वळसा घालून परत खाली आली आणि पुन्हा चढायला लागली. मास्तरांजवळून जाताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तिने तेच केलं. मास्तर चालत घरी गेले.

सोमवारी तिने मोठ्या बाईंना शेजारी बसवून फाटकाचा चढ घेतला. एकदा गाडी बंद पडली. तिने घाई न करता पुन्हा सुरू केली, आणि घरंगळू न देता वर नेली. बाईंनी दोनदा आणखी करून घेतलं आणि किल्ली तिच्याकडे राहू दिली. मास्तर फाटकाबाहेर होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. वहिनी मुलांना आणायला निघून गेली, तेव्हा ते बाईंपुढे गेले आणि त्या दिवशी ऑफिसात गिळलेलं सगळं बोलून टाकलं. वयाचा काही संबंध नव्हता, तुम्हालाही हे कळलंच पाहिजे, असं म्हणाले. बोलून झाल्यावर छाती जरा हलकी झाल्यासारखी वाटली.

बाई खांबाच्या पडलेल्या टवक्याकडे बघत राहिल्या.

“माझी धाकटी बहीण तुमच्याकडेच शिकली,” त्या म्हणाल्या. “पास झाली तेव्हा घरभर नाचली. मग स्वतःच्या गाडीत बसली, आणि महिन्याच्या आत गाडी विकून मोकळी झाली. नवरा अजून चारचौघांत तिची थट्टा करतो. तीही हसते. म्हणते, मी मठ्ठच आहे, इतक्या चांगल्या मास्तरांकडे शिकूनही मला जमलं नाही.”

मास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“मला नको,” बाई म्हणाल्या. “तिला जाऊन सांगा. आणि बाकीच्यांना कोण सांगणार, ते तुमचं तुम्ही बघा.”